पट्टीवरची निळी रेघ

सिस्टर : काका ऑक्सिजनच्या नळीत गेले, झाकण लागलं. आता खरं सांगा काकू, ही पायाची पट्टी घरी कोणी सोडली?

बायको : कोण सोडणार? तुम्ही बांधली तशीच आहे.

सिस्टर : काल बांधल्यावर मी शेजारच्या दोन वेढ्यांवरून निळ्या पेनाने एक रेघ मारली होती. आज काचेतून बघा, अर्धी रेघ इथे, अर्धी पार घोट्याजवळ.

बायको : वा! म्हणजे आमच्यावर पहारा ठेवला होता!

सिस्टर : ठेवावा लागला. पाच आठवडे जखम दर सोमवारी लहान होत होती. गेले दोन सोमवार जिथल्या तिथे. रोज दीड तास त्या काचेच्या नळीत पडून ऑक्सिजन घेतात, त्याचं काय होतंय मग?

नवरा : (आतून, स्पीकरवर) सिस्टर, कानाला दडे बसले हो!

सिस्टर : (बटण दाबून) गिळा काका. नाक दाबा आणि गिळा.

नवरा : गिळलं. मोकळे झाले!

बायको : बघा! तुम्ही गिळा म्हटलं की लगेच गिळतात. मी हातात गोळी घेऊन तासभर मागे फिरते, तेव्हा ऐकू येत नाही.

सिस्टर : काकू, पट्टी...

बायको : मीच सोडली. घ्या! सहा वर्षं ती जखम मी धुतली. सून दारातून बोलायची, इतका वास. मी कधी नाक मुरडलं नाही. आणि भरायला लागली कुणाच्या हातून? तुमच्या. घरी दिवसभर सिस्टर असं म्हणाल्या, सिस्टर तसं म्हणाल्या. परवा तर म्हणाले, तिच्या हाताची सर कुणाला नाही. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

सिस्टर : म्हणून सोडलीत?

बायको : संध्याकाळी घट्ट लागते म्हणाले. मी सैल करून दिली. तर म्हणाले, आत्ता कसं बरं वाटलं. मग काय, रोजच करायला लागले.

सिस्टर : ती घट्टच हवी हो. सैल झाली की रक्त पायात साचतं. मग नुसता ऑक्सिजन किती पुरा पडणार?

बायको : म्हणजे मीच केलं हे.

सिस्टर : अजून हाताबाहेर गेलेलं नाही.

बायको : एक मनातलं सांगू? भरली की मला कोण विचारणार, असंही वाटायचं. लाज वाटते बोलायला.

सिस्टर : भरल्यावर पट्टी सुटेल, पण घट्ट मोजे कायमचे. नाहीतर जखम परत येते. आणि काकांना वाकून ते चढवता येणार नाहीत.

बायको : ते पण तुम्हीच चढवणार असाल.

सिस्टर : मी कशी? सकाळी पाय खाली टेकायच्या आधी, अंथरुणातच चढवायचे असतात.

बायको : रोज?

सिस्टर : रोज.

बायको : मग आजच शिकवा. आणि पट्टीला आता मी हात लावणार नाही. मारा तुमची रेघ.

नवरा : काय चाललंय दोघींचं? मला इथे काही ऐकू येत नाही!

सिस्टर : हे बटण दाबून बोला काकू. तुम्हीच सांगा त्यांना.

बायको : काही नाही चाललेलं. कान कसे आहेत?

नवरा : पुन्हा दडे बसलेत थोडे.

बायको : मग गिळा.

नवरा : गिळलं.