धरणीची नाडी

हरसूलच्या मावशींचं तुम्हाला सांगितलं का? त्यांच्या शेतात आम्ही एक यंत्र पुरलंय. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसा जास्त धडधडतं, रात्री कमी, ते मोजायला. मी त्यांना म्हटलं, "मावशी, ही धरणीची नाडी बघतोय. जवळ लोखंड आणू नका."

मग रोज सकाळी आलेखात एक मोठी उसळी दिसायला लागली. आमचे साहेब तर खूश, नवीन शोध लागला म्हणून. मी जाऊन बघतो, तर मावशी कमरेला विळा खोचून यंत्रावर वाकलेल्या.

"लोखंड नको म्हटलं होतं ना?"

"लोखंड कुठंय? इळा हाय. नाडी बघताय म्हंजे आजारीच असंल, म्हणून इचारपूस करून जाते."

विळा बांधावर ठेवायला लावला, उसळी थांबली. पुढच्या खेपेला म्हटलं, "मावशी, नाडी आता ठीक आहे."

"व्हनारच," मावशी म्हणाल्या. "रोज इचारायला येत व्हते ना मी."