सावरघाटातला हात

ऐका गं, जवळ सरका. सावरघाटानं गेलेल्या बाईची गोष्ट सांगते.

दिवेलागण झाली होती. लीला, आपल्या गावची आशा सेविका, स्कूटीवरून निघाली. मागं बसली कोंडाबाई दाई. वरच्या वाडीतल्या कमलला कळा लागल्या होत्या. पहिलटकरीण, घरात दुसरं बाईमाणूस नाही. लीलाच्या मनात एकच, वेळेत पोचायचं.

घाटात पुढं लांबलचक ट्रक. चढतोय हळूहळू. लीलानं हॉर्न दिला. उजव्या खिडकीतून हात बाहेर आला. ये, ये, पुढं ये.

ती निघाली, आणि समोर वळणावर एसटी. कशीबशी मागं आली.

"हात बघून गाडी घालतेस? डोळे घरी ठेवलेस का?" कोंडाबाई म्हणाली.

"त्यानंच बोलावलं, मावशी."

थोडं पुढं गेल्या. आता हात डाव्या खिडकीतून. आणि डावीकडं जागाही झालेली, डोंगर आणि ट्रकच्या मधे, स्कूटीपुरती. हात हलतोय, घाई करतोय. लीलाच्या डोळ्यांसमोर कळा देणारी कमल होती. ती स्कूटी आत घालायला लागली.

"थांब. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय का?" कोंडाबाईनं विचारलं.

लीलानं पाहिलं. आरसा नुसता काळा.

"मग तूही त्याला दिसत नाहीस. बावीस वर्षं ट्रकवाल्याशी संसार केला मी. मागं घे."

लीलानं ब्रेक दाबला. ट्रक डावीकडं वळला. मागची चाकं आत ओढली गेली आणि डोंगराला घासत गेली. जिथं स्कूटी असती, तिथूनच.

ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, पांढराफटक.

"हात कोण दाखवत होतं?" लीलानं विचारलं.

"ताई, मी एकटाच आहे. क्लीनर नाही. हात मी काढलाच नाही."

तिघांनी वर पाहिलं. डाव्या खिडकीत हात अजून हलत होता.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "मी इथं उभा राहतो. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोरून जा."

त्या गेल्या. जाताना लीलाचा पदर कुणीतरी ओढला. तिनं मागं पाहिलं नाही. वाडीत पोचल्या, तेव्हा बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. थोडा उशीर झाला असता तर कमल एकटीच बाळंत झाली असती.

म्हणून सांगते, अंधारात सावरघाटानं जाऊ नका. आणि कुठल्याही रस्त्यावर मोठी गाडी पुढं असली, तर हलणाऱ्या हाताचं ऐकू नका. ड्रायव्हरचं तोंड दिसेपर्यंत मागंच राहा. घरी तुमची वाट बघणारं माणूस थांबेल तेवढा वेळ.