देगलूरचा रकाना

हॅलो?… हॅलो, कोण?… शोभावन्सं? नमस्कार करते… हौ, मी पद्मावतीच, हैदराबादच्या बरकतपुऱ्याहून. ओमकार आणि सूनबाई पेढे आणायला गेलेत, म्हणून मी उचलला.

हो, हो, लागली यादी. सकाळीच… मिळाला, वन्सं. तुमच्या नातीला, ईशाला, कायद्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला… नाही, वशिला कुठला? यादीत सव्विसावं नाव आहे, मी बोट ठेवून वाचलं.

हे साल मी विसरायची नाही. फाल्गुनात माझ्या लेकीला, आपल्या त्रिवेणीला, जुळं झालं, आणि आता हे.

काय म्हणता?… हो, तोच तो, सिकंदराबादचा सल्ला देणारा. त्यानंच सांगितलं होतं, चान्स नाही म्हणून. मी होते ना तिथं. ईशाचे मार्क घातले कॉम्प्युटरमध्ये, फॉर्म समोर ठेवला, आणि म्हणाला, अम्मा, शंभरात सहा. दुसरं कॉलेज बघून ठेवा… पोरगी रडली नाही हो. फॉर्म घडी करून पिशवीत टाकला. तेच वाईट. दोन दिवस जेवली नाही नीट.

अहो, ऐका ना… ऐका तर. मग मी तो फॉर्म मागितला. ओमकार म्हणतो, आई, तुला काय त्यातलं कळतंय, इंग्रजी आहे. म्हटलं, मोठी अक्षरं येतात मला, बसच्या पाट्या वाचून वाचून शिकलेय… हसा, हसा. साठाव्या वर्षी ईशाच्या पाटीवर अआइई गिरवलं, तेव्हाही तुम्ही हसला होतात.

तुम्ही लोक कागदावरनं भरभर नजर फिरवता. मला तसं जमत नाही. मी एक एक अक्षर लावते. लावता लावता एका रकान्यात आले, तर तिथं देगलूर. आणि खालच्या रकान्यात, राज्य, महाराष्ट्र… हौ, तेच तर. ईशाला विचारलं, बाळ, इथं काय विचारलंय? म्हणाली, बारावी कुठल्या राज्यातून केली ते. म्हटलं, मग तू महाराष्ट्रात कधी शिकलीस? कधी गेलीस तिकडं, जत्रेचे चार दिवस सोडून?

नाही हो, तिची चूक नाही. बापानं सांगितलं, तिनं लिहिलं. बापाला त्याच्या बापानं सांगितलेलं. आपल्या घरात कुठलाही कागद आला की आधी मूळ गाव लिहायचं, विचारो न विचारो. रेशनकार्डाच्या अर्जावर सुद्धा देगलूर लिहून तीन खेपा घातल्यात मी…

फरक? अहो, सगळा फरक तिथंच. इथल्या राज्यात शिकलेल्या पोरांना वेगळ्या जागा असतात. आणि आपण आपल्या हातानं पोरीला बाहेरची करून बसलो. काचीगुड्यात जन्मली, काचीगुड्यात शिकली, तेलुगू तर शेजारच्या रेड्ड्यांपेक्षा फाडफाड बोलते, आणि कागदावर बाहेरची.

हो, दुरुस्ती करता येत होती. दोनच दिवस उरले होते. मी ओमकारला म्हटलं, उद्या ऑफिसला नक्को जाऊ. शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, इथंच शिकल्याचे दाखले मागितले. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, चार दिवसांनी या. मी बाकावर बसून राहिले. डबा सोडला, जेवले तिथंच. तीन वाजता दिले.

मग परत सिकंदराबाद. त्यानं नवा फॉर्म बघितला, टकटक केलं, आणि म्हणाला, अम्मा, शंभरात सत्तर. म्हटलं, बेटा, आता राहिलेले तीस कुठं ठेवलेस?… नाही, पेढे त्यालाही देणार आहे. त्यानं जे दिसलं ते सांगितलं. लिहिलं तर आपणच होतं.

हॅलो?… हॅलो, येतोय का आवाज?… हां.

काय?… गाव खोडलं म्हणता?… नाही वन्सं, असं नका बोलू. गाव कोण खोडणार? शेत तिथंच आहे, तुम्ही तिथंच आहात. उद्या कागद तपासायला बोलावलंय विद्यापीठात. तिथं कायमचा पत्ता विचारतात. ओमकार विचारत होता, आई, देगलूर टाकू का? मी म्हटलं, बरकतपुरा टाक… हो, मीच म्हटलं.

आबासाहेबांचं मला सांगू नका. तुमचा भाऊ, कबूल. पण पन्नास वर्षं मी राहिले त्यांच्याबरोबर. आणि ते जन्मले तेव्हा तुमचं देगलूर हैदराबादच्याच राज्यात होतं, हे त्यांनीच मला सांगितलंय… ऐका. ऐका ना जरा.

परके कसले? सव्वीस नंबर घेतलाय पोरीनं, इथली म्हणून घेतलाय. उद्या तिला कुणी विचारलं, तू कुठली, तर तिनं घुटमळायचं नाही. मला अक्षर येत नव्हतं तोवर मी घुटमळत होते सगळ्या खिडक्यांसमोर. पुरे झालं ते.

नाही, रागावले नाही. तुम्ही या, पेढे खा, पोरीच्या डोक्यावर हात ठेवा… पण कायमचा पत्ता बरकतपुराच राहील.

का म्हणून काय विचारता, वन्सं? तुम्ही होतात की इथं. आबासाहेब दोन हजार एकोणीसच्या पाच फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी, बरकतपुऱ्याच्या या घरात वारले. ठेवते.