हत्तींची पोथी

(टपाल कचेरीतला टेलिफोन. दुसरं टोक लांबच्या शहरात, ग्रंथालयात.)

ऑपरेटर : ...म्हणून पुन्हा सांगते, लाइन फक्त संस्थेच्या कामासाठी. लढाईचे दिवस आहेत, वर चौकशी होते. तुमच्या त्या जुन्या भाषेतली ओळ वाचली की लगेच अर्थ सांगायचा. आणि घरच्या गप्पा सुरू झाल्या तर मी तोडणार.

तो : नाही हो बाई, हत्तींच्या आजारांचंच काम आहे.

ऑपरेटर : मागच्या खेपेला हत्तींवरून तुम्ही आईच्या गुडघ्यांवर आला होतात. बोला, बाईसाहेब आल्यात.

ती : ऐकू येतंय का? पोथीची नक्कल उघडलीत?

तो : उघडून बसलोय. तुझा आवाज का बसलाय?

ती : धूर आहे इथे. तुम्ही नीट जेवताय ना?

तो : तोडतील त्या. तू पोथी वाच, मी नक्कल ताडून बघतो.

ती : बरं. मूळ ओळ वाचली, आता अर्थ. 'हत्तीला हगवण लागली तर डाळिंबाची साल उकळून पाजावी.'

तो : बरोबर, पुढे. आठवड्यातून एकदा बायकोचा आवाज ऐकायचा, तोही हगवणीवर.

ती : मग दुसरी पोथी निवडायची होती. हत्ती तुम्हालाच हवे होते.

तो : आई रोज डोकं खाते. सुनेला मागे टाकून कागद घेऊन आलास, म्हणते.

ती : त्यांना सांगा, मीच राहिले. ताडपत्रं हलवली असती तर भुगा झाला असता. कुणीतरी राखायला हवंच होतं.

तो : सांगतो. तिचं एकच, 'पोथी काय, सून काय, अक्कल गहाण टाकलीस का?' पुढे वाच.

ती : 'हत्ती चाऱ्याला तोंड लावत नसेल आणि ताप नसेल, तर औषध देऊ नये. त्याच्या जोडीदाराला जवळ आणून बांधावं, म्हणजे तो खाईल.' पुढे, 'डोळ्यांतून पाणी गळत असेल तर...'

तो : थांब. आधीची ओळ परत.

ती : 'त्याच्या जोडीदाराला जवळ आणून बांधावं.' का हो?

तो : मूळ पानात तिथे किडीचं भोक आहे.

ती : कुठे?

तो : माझ्या नकलेत रिकामी जागा आहे तिथे. दोघांनी मिळून सोडलेली. मी म्हणायचो माहूत असणार, तू म्हणायचीस जोडीदार. त्यापायी दोन दिवस अबोला धरला होतास. दिसत नाही ते वाचायचं नाही, हा नियमही तुझाच. मग आज भोकावरून सरळ चालत कशी गेलीस?

ती : नजरचूक झाली.

तो : तुझी नाही होत. समोर पोथी आहे का?

ती : नाही.

तो : कधीपासून?

ती : ग्रंथालयाच्या मागच्या अंगावर बॉम्ब पडला तेव्हापासून. आग विझवायला पाणी मारलं, ते सगळं तळघरात उतरलं. पेट्या उघडल्या तर नुसता लगदा. ओंजळीत घेऊन बसले होते, वेड्यासारखी.

तो : आणि मला पाठ म्हणून दाखवत होतीस?

ती : इतकी वर्षं दुसरं केलंय काय आपण? डोळे मिटले की पान दिसतं. भोक तेवढं दिसलं नाही.

तो : अगं, पण सांगायचं होतंस. मी इथे कचेरीत शाळेतून आणलेल्या पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून तपासतोय.

ती : पोथी गेली म्हटलं की काम संपलं. काम संपलं की लाइन बंद. गाड्या जखमींनाच पुरत नाहीत, रस्ता कधी उघडेल देव जाणे. मला तुमचं 'बरोबर, पुढे' ऐकायचं होतं. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

तो : माझाही.

ती : रागावलात?

तो : पोथीसाठी रडेन मग सावकाश. तू आहेस ना धड?

ती : आहे. वजन उतरलंय थोडं. तुम्ही खूश व्हाल.

तो : नाही होणार. ऐक. नकलेतली जागा मी रिकामीच ठेवतोय, नियम तो नियम. पण तिथे माहूत नव्हता, एवढं कबूल.

ती : एवढ्या वर्षांनी?

तो : आणि पुढच्या खेपेला भोक आलं की थांबत जा.

ऑपरेटर : वेळ संपली. मी मघाशी पाणी प्यायला उठले होते, त्यामुळे मधलं काही माझ्या कानावर आलेलं नाही. वर काय कळवू? काम झालं, की पुढच्या आठवड्यात लाइन हवी?

तो : हवी बाई. हत्ती अजून जेवत नाहीये.