शर्यतीच्या गाडीतील आसनाविषयी

सुज्ञ वाचकहो, शर्यतीच्या चालकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एका पती-पत्नीचे जे संभाषण माझ्या कानी पडले, ते यथामती सादर करीत आहे.

“अहो, परवा शर्यत, आणि आज सांगताय की गाडीत बसता येत नाही?”

“बसता येतं गं. फक्त कंबर वर राहते.”

“सहा वर्षं गॅरेजमध्ये गाडी बांधलीत. बसून नाही पाहिलंत?”

“जुन्या सीटवर बसायचो. ही नवी, अंगाच्या मापाने फोम ओतून केलेली.”

“तेव्हा तर मला बसवलं होतंत! हलू नकोस म्हणून दटावत होतात.”

“फोम ओतायला मी हवा होतो ना. स्वतःला इंजिनिअर म्हणवतो, पण शिंप्याएवढी अक्कल नाही. माप एकाचं, सदरा दुसऱ्याला.”

“दुसरी ओता.”

“फोम यायला आठवडा लागतो. नाव मागे घेतो झालं.”

“सहा वर्षं घालवून? चाचणीला मैदानात ती गाडी कोण पळवायचं? मीच ना? तुम्ही बाहेर उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकायचात.”

“तू शर्यतीत उतरणार?”

“नाहीतर ठेवा गॅरेजात, कपडे वाळत घालू.”

“लोक म्हणतील, बायकोच्या मापाची गाडी बांधली.”

“खोटं थोडंच आहे?”

एवढ्यात आतून पुकारा झाला, “पुढचे चालक कोण?”

“ही, डॉक्टरसाहेब. मी नुसता फोमवाला.”

आम्ही बसलो होतो तो बाक आखूड होता, म्हणून सर्व ऐकू आले. आपण वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

टायरवाले अण्णा