निंबा बोलत नाही

हॅलो?… हो, मीच. केवलचंद शेठजींच्या दुकानातून बोलतोय… लता, ऐक. रविवार दुपारपासून आज शुक्रवारपर्यंत निंबाने एकही शब्द उच्चारलेला नाही.

नाही, रडत नाही… ताप नाही. दोन्ही वेळा मोजतो. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार… जेवतो की. शेठजींच्या घरून प्रेमकुंवर भाभी डबा पाठवतात. काल तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथीसाठी बोट दाखवलं.

हो, हो… अगं ऐक ना. डॉक्टरांना दाखवलं. घसा, जीभ, कान, तिन्ही ठीक. पाठीमागे ताटली वाजवली, तर दचकून वळला. आवाजाचं यंत्र शाबूत आहे, वापर बंद आहे.

लक्षात कसं आलं नाही?… अगं, आबा गेलेले. तुझ्या माहेरचं घर माणसांनी भरलेलं, सगळे दबक्या आवाजात. अशा घरात गप्प बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कोण हटकणार? शहाणा म्हणून कौतुकच झालं त्याचं. मीही केलं. जळगावला परतल्यावर मंगळवारी अभिमनने सांगितलं. म्हणाला, धाकटा भांडतच नाही, मग मी एकट्याने काय करू?

अक्का शेजारी आहेत का?… काय म्हणतात?… 'पोऱ्याले नजर लागनी शे.' बरं… नाही, लता. दोरा बांधायचा नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, आणि दोरा नको हेही सांग. लक्षण आहे म्हणजे कारण असणार, आणि ते सापडेपर्यंत… मान्य. मला सापडलेलं नाही, हेही खरं.

वेगळं म्हणण्यासारखं एकच दिसलं. काल चिंधाने, शेठजींच्या ड्रायव्हरने, गल्लीत गाडी सुरू केली. निंबा ओट्यावर गोट्या खेळत होता. इंजिनाचा आवाज येताच त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत… नाक नाही, तोंड. मलाही आधी धुराचाच संशय आला. म्हणून आज पुन्हा पाहिलं. वारा उलट दिशेचा होता, धूर त्याच्याकडे येत नव्हता. तरी तोंडच.

हो, तीच गाडी. रविवारी आबांना बघायला धुळ्याला येताना मागून आणली होती ती.

गाडीत काय होणार? नेहमीचंच. खिडकीसाठी भांडण. एरंडोल येईपर्यंत अभिमनने दोन चिमटे काढले, निंबाने एकदा चावा घेतला. मग केळ्याची साल माझ्या मानेवर येऊन पडली. ती कोणी टाकली हे अद्याप सिद्ध झालेलं नाही.

नाही. हात उगारला नाही. अगदी शपथेवर…

मग काय… मग मी एक नियम केला.

हॅलो? ऑपरेटर? हो, वाढवा. आणखी तीन मिनिटं… लता, आहेस ना?

नियम म्हणजे… मागे आरडाओरडा, समोरून कापसाचे ट्रक, आणि स्टिअरिंग माझ्या हातात. मी म्हणालो, यापुढे जो तोंड उघडेल त्याच्यामुळे गाडी बंद पडेल… हो. याच शब्दांत… मला ठाऊक आहे मी कॉलेजात काय शिकवतो. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. फिजिक्सच्या पहिल्या तासाला दरवर्षी सांगतो… नियम लागू पडला, एवढंच. पारोळ्यापर्यंत दोघेही मुकाट.

हो, बंद पडली ती पारोळ्याच्या पुढे. ते तुला सांगितलंच होतं, की… थांब. लता, थांब जरा.

अभिमन, इकडे ये. गाडी बंद पडली तेव्हा निंबा काही बोलला होता?… आठव. घाई नाही… काय विचारलं त्याने?… आणि मग?… मी? मी काय म्हणालो?… हेच शब्द?… बरं… नाही रे, तुझं काही चुकलं नाही. उभा राहा इथेच.

लता… त्याने विचारलं होतं, 'आबा जागे असतील का?' तेवढ्यात इंजिनाने आचके दिले आणि ते बंद झालं. मी मागे वळून म्हणालो, 'बघ, थांबवलीस गाडी.'

हो. मीच… हो.

तिथे सव्वा तास गेला. धुळ्याला पोचलो तेव्हा आबा जाऊन वीस मिनिटं झाली होती. दारातच अक्का म्हणाल्या, गाडी थांबली नसती तर नातवांची तोंडं पाहून गेले असते… नाही गं, त्यांना कशाला दोष? त्यांना काय माहीत? निंबा माझं बोट धरून उभा होता. त्याने दोन्ही वाक्यं ऐकली आणि बेरीज केली.

अक्कांना रडू देऊ नकोस… बसव त्यांना.

काय?… गाडी खरी कशाने थांबली?… सांगितलं होतं ना, काहीतरी बिघाड… हो, 'काहीतरी' म्हणालो… हो. मला नेमकं माहीत आहे. रविवारीच कळलं होतं.

शेठजी, नाही, तुम्ही बसा. तुम्हीही ऐकलंत तर बरंच.

लता, निघताना चिंधाने पुढे लिंबू-मिरची बांधली होती. आणि बॉनेटखाली, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर, एक ओला फडका गुंडाळला होता. मला वाटलं, ड्रायव्हर लोकांचं आणखी एक खूळ. दोन्ही काढून टाकलं. तो म्हणालाही, 'साहेब, फडकं राहू द्या, गाडी तपी जाई.' मी हसलो… हो, हसलो. वैशाखातलं ऊन, आणि मी फडका गटारात टाकला. ओल्या फडक्यातलं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. माठ ज्यामुळे गार राहतो तेच. तेही मीच शिकवतो. सव्वा तासाने इंजिन निवलं आणि गाडी दुरुस्तीशिवायच सुरू झाली, तेव्हाच मला समजलं.

काय?… फडका असता तर गाडी थांबली नसती?

हो. नाहीतर पावणेबारापर्यंत पोचलो असतो… शुद्धीवर होते? पावणेबाराला?… विचारत होते… दोघांनाही… हो. ऐकतोय. बोल तू.

म्हणूनच नाही सांगितलं. दुसरं कारण नाही… क्षमा आत्ता मागत नाही. दहावा झाल्यावर तू येशील, तेव्हा जे बोलायचं ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. आता त्याला सांगायला हवं. तू ऐकत असताना सांगतो. ठेवू नकोस.

अभिमन, निंबाला घेऊन ये… शेठजी, चिंधाला दारातली गाडी जरा सुरू करायला सांगता?… कुठे जायचं नाही. नुसती सुरू.

ये निंबा. या पोत्यावर बस. फोनवर आई आहे. तू बोललंच पाहिजेस असं नाही… काढ हात. बरं, राहू दे, नको काढूस. गाडी चालू आहे, ऐकू येतंय? मी बोलतोय. थांबली?… नाही ना. अभिमन, तू बोल काहीतरी… पाढा म्हण… सातचा म्हण, सातचा तुला येतो… थांबली, निंबा?… आणखी बघायचंय? अभिमन, चालू ठेव.

ऑपरेटर, हो, मला माहीत आहे… एक मिनिट द्या. विनंती आहे.

काय?… काय म्हणालास?… पुन्हा म्हण. इथे, फोनच्या तोंडाशी… लता, ऐकलंस?… हो, त्याचाच. जरा बसलाय आवाज, वापर नव्हता… तो विचारतोय, मग त्या दिवशी का थांबली.

सांगतो. आईलाही सांगितलंय, तुलाही सांगतो. मी म्हणालो ते खोटं होतं. पेट्रोलच्या पंपावर ओला फडका होता, तो मी काढून टाकला. उन्हाने पंप तापला, आत पेट्रोलची वाफ झाली, वाफ पंपाला ओढता येत नाही. इंजिनाला पेट्रोल मिळालं नाही म्हणून गाडी थांबली, आणि म्हणून आपल्याला उशीर झाला.