छोटूची हजेरी

— नाही, तसं नाही मॅडम, तो येणारच होता, अगदी बूट घालून दारात उभा होता, मीच म्हटलं तू जा तुझ्या तासाला, मॅडमना मी भेटून येते. बसू ना इथे? ही खुर्ची चालेल मला, सवय आहे हिची. तुम्ही नवीन ना? आत आल्या आल्या कळलं, भिंती रिकाम्या आहेत अजून. आधीच्या मॅडमनी समुद्राचं चित्र लावलं होतं, खाली लिहिलं होतं ‘श्वास घ्या’ — म्हटलं, आता हेही लिहून सांगावं लागतं का मुलांना — पण चित्र छान होतं. घेऊन गेल्या वाटतं. बाई चांगल्या होत्या. मी बोलायला लागले की मध्ये बोलायच्या नाहीत. तुम्हीही नाही बोलत, बरं आहे.

तर मी छोटूची आई. छोटू म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर जे लांबलचक नाव आहे ना, तोच. दाराच्या चौकटीला डोकं आपटतं त्याचं, पण घरात छोटूच पडलं नाव, आता काय करणार. मी दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला असते, सकाळची पाळी. आणि तुम्ही विचारण्याआधीच सांगते, सगळेच विचारतात — मुलाऐवजी आई का येते म्हणून. का येते? अहो, दात दुखणाऱ्या माणसाने स्वतः फोन केलेला मी आजवर पाहिला नाही. बायको करते, आई करते, आणि तो मागे गाल धरून बसलेला असतो, म्हणतो, कशाला, होईल बरं आपोआप. अभ्यासाचंही तसंच असतं. ज्याला मदत हवी तो मागत नाही. मग कुणीतरी यायला हवं की नको?

तुमच्या विद्यापीठाचा तो स्वागताचा दिवस होता ना पहिल्या वर्षाचा, तेव्हा मी आणि हे, दोघेही आलो होतो त्याच्याबरोबर. ह्यांनी दुकान बंद ठेवलं होतं — चष्म्याचं दुकान आहे आमचं — एरवी घरात कुणी आजारी असलं तरी बंद ठेवत नाहीत. त्या मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं. इथे गणिताची मदत, तिथे निबंधाची मदत, पलीकडे परीक्षेच्या भीतीची मदत, वेळेचं नियोजन, ग्रंथालयाची ओळख, एक टेबल तर नुसतं ‘एकटं वाटतंय का’ असं. मला तर धडकीच भरली. म्हटलं, एवढी मदत ठेवलीये म्हणजे आत ह्या मुलांचं करतात तरी काय. आणि आमचा छोटू कुठे? तो त्या हॉलचा पंखा बघत होता. एक पंखा अडकत अडकत फिरत होता, तो बघत होता मान वर करून. मग मीच गेले टेबलाटेबलांवर आणि सगळीकडे त्याचं नाव दिलं. फोन नंबर माझा दिला, कारण तो फोन उचलत नाही.

आणि मग तुमचे निरोप सुरू झाले. उद्या गणित मदत, परवा निबंध मदत. तो म्हणाला जाईन, गेला नाही. मी पहिल्यांदा आले ती खरंच नुसतं सांगायला आले होते, की त्याला उशीर होईल. वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा होती — आता त्यालाच उशीर, मला इतकी लाज वाटली. पण आत गेले तर खोलीत कुणीच नाही. शिकवणारे सर एकटेच, समोर रिकाम्या खुर्च्या, पडद्यावर मोठं घड्याळ. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला मॅडम, की मला बोलायचा धीरच झाला नाही. म्हणाले, बसा ना. बसले. म्हणाले, तिथे विद्यार्थी क्रमांक टाका. टाकला. छोटूचा. म्हणजे माझा कुठला असणार? — शेवटी ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात याल ना, कुणी आलं नाही तर वरून विचारणा होते, मग ही कार्यशाळाच बंद करतात. मग आले पुढच्या आठवड्यात. त्यांचं कशाला बंद पडू द्यायचं.

तसंच होत गेलं हो. गणिताच्या मदतीला दोन मुलं असायची, तीही एसीसाठी. मला टक्केवारी समजावली त्यांनी, ती कळली, मग सरासरी, मग कसलासा वक्र. ताण हलका करण्याच्या सत्राला मी आणि ती शिकवणारी मुलगी, दोघीच. चटईवर आडवं पडायचं आणि डोळे मिटायचे. मला झोपच लागली पहिल्या दिवशी. ती बिचारी शेजारी बसून राहिली, उठवलं नाही. म्हणाली, तुमच्यासारखा प्रतिसाद आजवर कुणी दिला नाही.

आणि तो निबंधाचा मुलगा. चश्मिष आहे, काचा सदा पुसायला झालेल्या — ह्यांनी पाहिला तर दुकानात ओढून नेतील. त्याच्याकडे मी छोटूचा निबंध घेऊन गेले. म्हणजे विषय छोटूचा होता, किंमत का वाढते असा काहीतरी, अर्थशास्त्राचा, आणि लिहिलं होतं मी, कारण त्याला वेळ नव्हता, त्याची पाळी असते ना सकाळी — म्हणजे तास. तास असतो सकाळी. पाळी माझी असते. — तर त्या मुलाने वाचलं आणि कागद बाजूला ठेवून विचारलं, हे सगळं पुस्तकातलं झालं, पण तुम्हाला स्वतःला काय म्हणायचंय? मी म्हटलं, मला? तो म्हणाला, हो, तुम्हाला. मॅडम, मला ह्यांच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, मुलगा वाढवला, सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं, दवाखान्यात रोज लोकांना विचारते काय होतंय तुम्हाला — मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी काहीतरी बोलले, की ज्याचा दात दुखतो तो किंमत विचारत नाही, नंतर बिलावर भांडतो. तो म्हणाला, लिहा हेच. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी उतरायचा थांबा चुकले.

हो हो, ते कळलं मला, त्यासाठीच बोलावलंत ना. त्या निरोपात लिहिलं होतं की केंद्राच्या सेवांचा सर्वात जास्त लाभ घेणारा विद्यार्थी म्हणून निवड झाली आहे. अभिनंदन असंही होतं. मी ह्यांना काही सांगितलं नाही अजून. सांगितलं असतं तर आत्तापर्यंत दुकानात प्रत्येक गिऱ्हाईकाला, ते भिंतीवरची अक्षरं वाचत असताना, हेच ऐकवलं असतं — मुलगा विद्यापीठात पहिला आला. फोटो लागेल ना त्याचा, माहितीपुस्तिकेत? चांगला फोटो आहे माझ्याकडे, लग्नातला, कोट घातलेला. आणि भाषण करायचं असलं तर मी लिहून देते, निबंधवाल्याला दाखवून घेईन. नव्या मुलांना तो सांगेल, मदत मागायला लाजू नका म्हणून.

परीक्षेचं काय?

नाही, म्हणजे — काहीतरी गोंधळ असेल तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. एकाही परीक्षेला बसला नाही? दोन्ही सत्रांत? अहो, दवाखान्यातला कॉम्प्युटरही असाच, गेल्या महिन्यात त्याने एका आजोबांना दुधाचे दात दाखवले. — बरं, बघा तुम्ही, बघा परत, मी थांबते.

तेच दाखवतोय.

पाणी नको. मी ठीक आहे. मला ते येतं श्वासाचं, चार मोजेपर्यंत आत घ्यायचा, तुमच्याच इथे शिकले.

तुम्ही माझ्या भाचीच्या वयाच्या आहात, म्हणून सांगते. आमचा दवाखाना ज्या इमारतीत आहे ना, तिची लिफ्ट बंद पडली होती. परीक्षेचा मोसम होता, सकाळी छोटूला मी नवीन पेन दिलं होतं, ह्यांनी डोक्यावर हात ठेवला होता. मी दवाखान्यात पोचले तर लिफ्टचं दार उघडं, खाली खड्ड्यात दिवा लावलेला, आणि आत दोन माणसं, निळे कपडे, पाठीवर कंपनीचं नाव. एक म्हातारा आणि एक उंच. उंच माणूस शीळ घालत होता. मी शिळेवरूनच ओळखलं, चेहरा नंतर दिसला. घरात बल्ब बदल म्हटलं तरी उद्या म्हणणारा मुलगा, आणि तिथे असा वाकला होता त्या तारांवर, की जणू कुणाचं नाजूक ऑपरेशन चाललंय. म्हातारा काही विचारत होता, हा सांगत होता, आणि म्हातारा ऐकत होता. कळतंय ना तुम्हाला, तो ह्याचं ऐकत होता. मग छोटूने वर पाहिलं. मी समोर उभी. डबा हातात. माझाच डबा, त्याला दिलेल्या डब्याच्याच जोडीचा. आणि तो म्हणाला, “मॅडम, लिफ्ट बंद आहे, जरा जिन्याने जा.”

मॅडम म्हणाला मला. तो म्हातारा शेजारी होता ना. आणि मी काय केलं? मी “बरं” म्हटलं आणि जिना चढून गेले.

नाही बोललो. अजूनपर्यंत नाही. काय बोलायचं? बोललं की ते खरं झालं. तो रोज सकाळी बॅग घेऊन निघतो, मी डबा देते. निळा शर्ट कुठे धुतो माहीत नाही, घरी आणत नाही. जेवताना हे विचारतात, काय शिकलास आज, आणि छोटू माझ्याकडे बघतो, आणि मी सांगते — आज त्यांना संदर्भ कसे द्यायचे ते शिकवलं, आज तो वक्र झाला. छोटू मान हलवतो. हे खूश. परवा तर हे मलाच म्हणाले, तुझ्यामुळे कळतं तरी काही, तो तर तोंड उघडत नाही. आमच्या घरात आता सगळ्यांत शिकलेला माणूस हेच झालेत, ऐकून ऐकून.

फसवणूक? तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण चेहऱ्यावर आलं तुमच्या. कुणाची सांगा. तुमच्या खुर्च्या भरल्या, तुमच्या सरांची कार्यशाळा टिकली, ह्यांची मान ताठ राहिली, छोटूला शांतपणे काम करता आलं. मला काय मिळालं? काही नाही. मी आपली येते, बसते, ऐकते. बुधवारी निबंध असतो. बुधवारचं मी आदल्या दिवसापासून — ते जाऊ दे. पण तो शिकत नाही असं एकदा नोंदलं गेलं तुमच्याकडे, की तो क्रमांक बंद होणार ना? मग तिथे टाकायला माझ्याकडे काय राहील? असं नका करू हो. फोटो नका लावू, निवड रद्द करा, दुसऱ्या कुणाला द्या, पण क्रमांक राहू द्या. वर्षाअखेरपर्यंत तरी.

मी? नाही हो. माझं काय आता. ते बाहेरून शिकण्याचं मला त्या निबंधवाल्यानेही सांगितलं होतं, माहितीपत्रही दिलं. कुणी ऐकलं तर हसतील. एका घरात दोघं कशाला शिकायला — म्हणजे एक. म्हणजे तसं बघितलं तर कुणीच नाही.

तुम्ही त्याला फोन केलात? कुठल्या नंबरवर — तो तर माझा आहे तुमच्याकडे. प्रवेशाच्या अर्जावरचा? त्याचा स्वतःचा. हो, तो असणारच. उचलला त्याने? माझा उचलत नाही. काय सांगितलंत त्याला? तुझ्या जागी आई येतेय, एवढंच? मग काय म्हणाला? मॅडम, तुम्ही आधी सांगायचं होतं मला, मी इतकं बोलत बसले आणि तुम्ही — किती वेळ झाला फोनला? कामावर असतो तो आत्ता. नाही यायचा. तो कुठेच येत नाही हो, एवढ्या सोयी केल्यात तुम्ही, एकदा तरी आला का —

दार ढकलायचं असतं रे, ओढू नकोस. वाकून ये, चौकट लागेल.

निळाच शर्ट घालून आलास होय.

मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का? आमचं बोलायचं राहिलंय. आणि जाताना दार लावून घ्या.